देवाच्या घरांतील चित्रें व मूर्ति
(जुबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



ख्रिस्ती उपासनेंत चित्रें व मूर्ति यांचें स्थान कोणतें, हा विषय जुबिली समितीनें आम्हांस नेमून दिला आहे. त्यामागें एक व्यवहाराचा प्रश्न उभा आहे, हें येथें बसलेल्या बहुतेकांस ठाऊक आहेच. जुबिली फंडांत रक्कम जमली आहे. मुख्य वेदीमागील जुनें लांकडी मखर, ज्यास आपले वाडवडील नुसतें ‘आल्तार’ म्हणत, तें काळवंडलें आहे व एका कोपऱ्यास वाळवी लागली आहे. सणापूर्वीं त्यास सोनेरी रंग देऊन तें चकचकीत करावें, अशी एक सूचना आहे. तें काढूनच टाकावें व त्या जागीं संगमरवराची साधी भिंत उभारावी, अशी दुसरी आहे. तिसरी तरुण मंडळींची : आपल्या लोकांच्या पोषाखांतील मरियामातेचें एक नवें चित्र चर्चमध्यें लावावें. तिन्ही सूचना भक्तिभावानेंच आलेल्या आहेत, आणि कोणाचें मन दुखवावें हा आमचा हेतु नाहीं. परंतु एकदां कुंचला फिरला किंवा करवत चालली, म्हणजे पुढील पिढीस निवड करण्याजोगें कांहीं उरत नाहीं. यास्तव थोडा मुळापासून विचार करूं.

आपल्यावर येणारा आक्षेप जुनाच आहे. दहा आज्ञा पाळणाऱ्यांचें चर्च मूर्तींनीं कां भरलेलें, असें आपले प्रॉटेस्टंट बंधु विचारितात. हिंदु शेजारी उलट मोठ्या ममतेनें म्हणतात, “म्हणजे तुम्हीही आमच्यासारखे मूर्तिपूजकच कीं !” दोघांसही उत्तर एकच आहे, व तें आपल्यापैकीं प्रत्येकास देतां आलें पाहिजे. आठव्या शतकांत पूर्वेकडील रोमन साम्राज्यांत बादशहांच्या हुकुमानें पवित्र चित्रें फोडण्यांत आलीं, तेव्हां दमास्कसचे संत योहान यांनीं चित्रांची बाजू मांडिली. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा : अदृश्य परमेश्वराचें चित्र कोणास काढतां येणार नाहीं, हें खरें, परंतु तोच परमेश्वर देह धारण करून मनुष्यांत वावरला, लोकांनीं त्याचें मुख डोळ्यांनीं पाहिलें. जें पाहिलें, तें रेखाटतां येतें. चित्र नको म्हणणें, म्हणजे देहधारण खोटें म्हणण्यासारखें होईल. ७८७ सालीं नायसिया येथें भरलेल्या दुसऱ्या परिषदेनें हाच निर्णय दिला. चित्रास दिलेला मान चित्रांतील व्यक्तीकडे जातो. आराधना मात्र एकट्या परमेश्वराचीच. पुढें १५६३ सालीं ट्रेंटच्या परिषदेनें हेंही स्पष्ट केलें कीं, मूर्तीच्या अंगीं कांहीं दैवी शक्ति वसते असें मानून तिला मान द्यावयाचा नाहीं.

शेजाऱ्यांस समजावून सांगतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्यांच्या देवळांत मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते, व तेव्हांपासून देव तेथें राहावयास आला, असा त्यांचा भाव असतो. आपल्या चर्चमध्यें धर्मगुरु मूर्तीस आशीर्वाद देतात. प्राणप्रतिष्ठा करीत नाहींत. आपण प्रभूचें खरें सान्निध्य मानतों तें पवित्र मंजूषेंत, जेथें दिवा अखंड तेवत असतो. मूर्ति कितीही उंच व सुंदर असो, ती त्या मंजूषेची चाकर. हें एवढें एक सूत्र घट्ट धरलें, म्हणजे पुढील बहुतेक प्रश्न सुटतात.

मूर्ति चाकर खरी, पण ती काम कोणतें करिते ? नेहमींचें उत्तर असें कीं, चित्र हें निरक्षरांचें पुस्तक. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेय येथील बिशप सेरेनुस यांनीं आपल्या चर्चमधील चित्रें फोडून टाकलीं, कां तर लोक त्यांना भजूं लागले होते. तेव्हां पोप संत ग्रेगोरी यांनीं त्यांना पत्र लिहून कळविलें कीं, चित्रांस भजूं न देणें योग्यच. परंतु तीं फोडावयास नको होतीं, कारण ज्यांना अक्षर वाचतां येत नाहीं ते भिंतीवर वाचतात. हें उत्तर बरोबर आहे, पण आमच्या मतें तें अपुरें आहे. आज आपल्या धर्मग्रामांतील लहान मूलही वाचूं शकतें. चित्र केवळ निरक्षरांसाठीं असतें, तर आज आपण सर्व मूर्ति गाडींत घालून संग्रहालयास पाठवावयास हरकत नव्हती ! उपासनेंत चित्राचें आणखी एक काम असतें. कोठें पाहावें, केव्हां पाहावें, आणि केव्हां पाहावयास मिळणार नाहीं, हें तें डोळ्यांस शिकवितें.

याचें एक उत्तम उदाहरण जुन्या गोव्यांत आहे. बोम जेझूचें मंदिर १५९४ सालीं बांधावयास घेतलें व १६०५ सालीं तें उपासनेसाठीं पवित्र करण्यांत आलें. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या देहामुळें तेथें यात्रेकरूंची रीघ असते. पण बहुतेक जण आंत शिरतांच कबरीकडे वळतात, मुख्य मखरासमोर घटकाभर थांबणारे थोडे. आपण गेलां, तर थांबा. तें सोनेरी मखर भुईपासून छतापर्यंत चढत जातें. मंदिर ज्या बाळ येशूच्या नांवाचें आहे, त्याची मूर्ति लहान आहे. तिच्यावर संत इग्नेशियस यांची मनुष्याहून मोठी मूर्ति आहे. पहिल्यानें पाहाणारास वाटतें, हें उलटें झालें. सेवक मोठा आणि स्वामी लहान! पण संताची दृष्टि पाहा, ती वर लागलेली आहे. ती जेथें जाते तेथें सूर्याच्या किरणांत येशूचें नांव कोरलेलें आहे, आणि त्याहूनही वर पवित्र त्रैक्य. संत मोठा केला तो त्याच्याकडे आपलें लक्ष जावें म्हणून, आणि लक्ष गेलें कीं तो तें स्वतःजवळ न ठेवितां वर पाठवून देतो. या सर्वांच्या तळाशीं वेदी. मिस्सा चालू असतां डोळा वर चढतो व पुनः वेदीवर उतरतो. कारागिरांनीं लांकडांत धर्मशिक्षणाचा एक तासच बांधून ठेविला आहे.

‘केव्हां पाहावयास मिळणार नाहीं’ असें आम्हीं म्हटलें, तेंही आपल्या चालीरीतींतून घ्या. उपवासकाळाच्या अखेरच्या दिवसांत क्रूस व मूर्ति जांभळ्या वस्त्रांनीं झांकण्याची जुनी रीति आहे. वर्षभर ज्या मुखाकडे संवयीनें पाहात होतों, तें दिसेनासें झालें कीं त्याची उणीव भासते; मग पवित्र शुक्रवारीं क्रुसावरील आच्छादन धर्मगुरु टप्प्याटप्प्यानें दूर करितात, तेव्हां तोच क्रूस नवा होऊन पुढें येतो. गोव्यांतील पुष्कळ चर्चेंत प्रभूची एक मूर्ति अशी असते कीं, तिचे हात खांद्याशीं दुमडतां येतात. पवित्र शुक्रवारीं तिला क्रुसावरून उतरवून, हात अंगाशीं लावून, पालखींत निजवितात व शोकयात्रा निघते. ती मूर्ति वर्षाचे उरलेले दिवस नजरेआड असते. जिचें काम वर्षांतून एका संध्याकाळचें, तिच्यासाठीं सुतारानें सांध्यांत केवढी बुद्धि वेंचली आहे !

हें ध्यानांत आलें, म्हणजे अलीकडील कांहीं गोष्टी आम्हांस कां खटकतात तें कळेल. मूर्तीभोंवतीं उघडझांप करणारे विजेचे दिवे लावितात. त्यांनीं डोळा मूर्तीवर ठरत नाहीं, मग तिच्यापलीकडे कोठून जाणार? वेदीच्या बाजूस गीतांचे शब्द दाखविण्याकरितां पडदा लावण्यांत येतो. त्याचा उपयोग आहे, हें आम्हांस मान्य आहे. मागील बांकांवरील वृद्धांसही आतां गातां येतें. मात्र अर्पणविधींत धर्मगुरु ख्रिस्तशरीर उंच धरीत असतां पडद्यावर मेंढरें आणि सूर्यास्त सरकत राहावे, हें चाकरानें धन्याच्या पुढें चालण्यासारखें झालें. त्या वेळीं पडदा काळा ठेवावा. यास एक कळ दाबण्यापलीकडे खर्च नाहीं.

आतां आपल्या मखराकडे येऊं. या प्रश्नावर आम्ही अंमळ अधिक बोलणार आहों, कारण येथें अज्ञानानें होणारी हानि भरून निघत नाहीं.

तें मखर म्हणजे रंगविलेलें लांकूड, असा आपला समज आहे. वस्तुतः तीं एकावर एक चढविलेलीं कित्येक पटलें आहेत. प्रथम चांगलें मुरलेलें सागवान कोरून घेत. त्यावर खडूची बारीक भुकटी सरसांत कालवून तिचे पातळ हात एकामागून एक देत, व प्रत्येक हात वाळला म्हणजे घांसून गुळगुळीत करीत. त्यावर तांबड्या चिकणमातीचा एक हात. त्या तांबड्या मातीवर ओलसरपणा असतांच सोन्याचा वर्ख फुंकरीनें बसवीत, आणि मग अकीकाच्या दगडानें घोटून त्यास झळाळी आणीत. जुन्या सोन्याच्या रंगांत जी ऊब दिसते, ती खालच्या मातीची. मूर्तीच्या मुखाचे व हातांचे रंग निराळे, ते अनेक पातळ हातांनीं चढविलेले. गालांवरील लाली अशी आंतून आल्यासारखी दिसते ती त्यामुळेंच.

अशा मखरावर आपण बाजारांतील सोनेरी रंगाचा डबा ओतूं म्हणतों ! त्या रंगांत सोनें मुळींच नसतें, पितळेची भुकटी असते. दोनचार पावसाळ्यांत ती काळपट पडते. मग आणखी एक हात द्यावा लागतो. तेलरंगाच्या जाड थराखालीं कोरीव काम बुजत जातें, देवदूतांच्या नाकाडोळ्यांची धार जाते, सर्व मुखें एकाच बाहुलीचीं दिसूं लागतात. समुद्रकांठची आपली हवा दमट व खारी. लांकूड पावसाळ्यांत फुगतें, उन्हाळ्यांत आकसतें. वरचा कडक थर त्याबरोबर हालत नाहीं, म्हणून तो तडकतो, व सुटतांना खालचें खरें सोनेंही घेऊन जातो. वाळवीचें तर विचारूंच नका. रंगाच्या चकचकाटाआड ती निर्धास्तपणें आपलें काम करीत राहाते. पुढें कोणास पश्चात्ताप झाला, तरी रंग काढण्याच्या औषधानें रंगाबरोबर वर्खही उतरतो. काळवंडलेलें सोनें हें पुष्कळदां केवळ मेणबत्त्यांच्या काजळीखालीं दडलेलें सोनें असतें, तें जाणत्या हातांनीं परत वर येतें. बुजविलेलें बहुधा येत नाहीं.

दुसरी सूचना करणारे बंधु म्हणतात कीं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर धर्मगुरु लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पितात, वेदी पुढें आली. तर मागील मखराचें प्रयोजन काय? परिषदेच्या नांवावर ठिकठिकाणीं मखरें उतरविण्यांत आलीं, हें खरें आहे. पण १९६३ सालचा परिषदेचा उपासनाविषयक लेख आपण उघडून पाहावा. त्यांत कलेस एक स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. चर्चमध्यें पवित्र प्रतिमा ठेवण्याची चाल चालू ठेवावी, त्यांची संख्या बेताची असावी, त्यांच्या मांडणींत योग्य क्रम राखावा, आणि मोलाच्या पवित्र वस्तु विकल्या किंवा नष्ट केल्या जाणार नाहींत याची धर्माध्यक्षांनीं काळजी घ्यावी, अशा आशयाच्या सूचना तेथें आहेत. ‘मखर पाडा’ असें कोठेंही नाहीं. संख्येविषयींची सूचना मात्र आपण मनावर घेण्याजोगी आहे. नवस फेडतांना दिलेल्या एकाच संताच्या तीन-तीन मूर्ति एका भिंतीस उभ्या आहेत, त्यांत देणाऱ्यांची भक्ति दिसते. पण संताकडे पाहावें तरी कोणत्या?

आपल्या प्रांतानें एकदां फार गमावलें आहे, हेंही विसरूं नये. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें वसईचा किल्ला सर केला, त्यानंतर किल्ल्यांतील भव्य चर्चें ओस पडलीं. आज भिंती उभ्या आहेत, कमानींवर पिंपळ उगवले आहेत; आंतील मखरांची एक फळीही जागेवर नाहीं. घंटा टिकल्या, कारण त्या धातूच्या होत्या. वाईजवळ मेणवली येथें शिवमंदिरापुढें अशीच एक घंटा टांगलेली आहे, तिच्यावर १७०७ हें साल व बाळ येशूस घेतलेली मरियामाता आहे. तिची त्या लोकांनीं आजवर नीट निगा राखिली, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. लढाईनें गेलें तें गेलें. शांततेच्या काळांत, वर्गणी काढून, आपणच आपलें मखर घालवावें काय?

तिसरी सूचना नव्या चित्राची. तरुणांच्या या मागणीमुळें कांहीं वडीलधारी मंडळी बिथरलीं आहेत, असें ऐकतों. मरियामाता यहुदी होती, तिला तांबडें लुगडें नेसविण्याचा अधिकार तुम्हांस कोणीं दिला, असें ते विचारितात. प्रश्न योग्य आहे. पण मग तोच प्रश्न निळ्या झग्याच्या, सोनेरी केंसांच्या, निळ्या डोळ्यांच्या मरियेसही विचारावा लागेल. इटलीच्या चित्रकारानें ती आपल्या गांवच्या मुलीसारखी काढिली, नेदरलंडच्या चित्रकारानें आपल्या घरच्या बाईसारखी. आणि तें चित्र आपल्या आजीच्या देव्हाऱ्यांत शंभर वर्षें राहिल्यामुळें आपणांस तेंच मूळ वाटूं लागलें. परिषदेच्या त्याच लेखांत म्हटलें आहे कीं, ख्रिस्तसभेनें कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून ठरविलेली नाहीं. सर्व काळांतील व सर्व लोकांच्या कलेस तिच्या घरीं वाव आहे, मात्र त्या कलेनें उपासनेचा मान राखिला पाहिजे.

मराठी कानांस हा मान फार पूर्वीं मिळाला. फादर स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, आणि १६१६ सालीं त्यांचें ख्रिस्तपुराण छापून निघालें. आपल्या ओवींत प्रभूची कथा चर्चमध्यें वाचली जाऊं लागली. डोळ्यांस मात्र हा मान सहज मिळाला नाहीं. १५६७ सालच्या गोव्याच्या धर्मपरिषदेनें चर्चच्या वस्तु अख्रिस्ती कारागिरांकडून करवूं नयेत, असा निर्बंध घातला. तरीही येथील हातांनीं आपली खूण सोडलीच. सतराव्या शतकांतील गोव्याच्या हस्तिदंती मूर्तींत डोळे मिटलेला, गालाशीं हात टेकून बसलेला बाल मेंढपाळ आढळतो. त्याची ती ध्यानस्थ बैठक कोणत्या भूमींतली, हें सांगावयास नको. १९९४ सालीं राशोल येथें सुरू झालेलें ख्रिस्ती कलेचें संग्रहालय आतां जुन्या गोव्यांत संत मोनिकेच्या मठांत आहे, तेथें गोव्याच्या चर्चेंतील अशा पुष्कळ वस्तु पाहावयास मिळतात.

आपल्या काळाजवळचे आंजेलो द फोन्सेका यांचें नांव येथें घेतलेंच पाहिजे. ते १९०२ सालीं गोव्यांत सांतु एस्तेव्ह येथें जन्मले, शांतिनिकेतनांत अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्यापाशीं शिकले, व गोव्यास परतल्यावर त्यांनीं साडी नेसलेली, गव्हाळ वर्णाची मरियामाता रेखाटली. त्यांच्यावर स्वकीयांनींच टीकेचा भडिमार केला. गोवा सोडून ते पुण्यास ख्रिस्तप्रेमसेवा आश्रमांत राहिले व १९६७ सालीं वारले. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतील जेझुइट इतिहासकार फादर हेरास यांनीं त्यांना धीर दिला व त्यांचें काम पुढें आणिलें. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यांत पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रांत आदरानें जपलेला आहे. ज्या चित्रांपायीं गांव सुटलें, तीं चित्रें गोव्यास परतलीं. त्यांत मरिया साडी नेसते म्हणून तीं थोर नाहींत. साडी नेसविणें कॅलेंडर छापणारासही जमतें. त्या स्त्रीच्या बसण्यांत, मान लवविण्यांत प्रार्थनेची जी निश्चलता आहे, ती त्या चित्रकारानें प्रार्थनेंतून मिळविली होती.

म्हणून तरुणांस आमचें सांगणें असें. चित्र जरूर करवून घ्या, पण बाजारांतून छापील आणूं नका. आपल्या भागांतील जाणता चित्रकार शोधा, त्यास योग्य मोबदला द्या, पुरा अवधि द्या, आणि काढण्यापूर्वीं त्यानें आपल्याबरोबर दोनचार रविवार मिस्सेस बसावें असें सुचवा. वडीलधाऱ्यांसही विनंति कीं, नातवंडांना मरियामाता आपल्या आजीसारखी दिसावीशी वाटली, यांत राग येण्यासारखें काय आहे ? तें चित्र प्रथम मुख्य वेदीशीं न लावतां स्नानसंस्काराच्या जागेजवळ लावावें, असें आमचें मत आहे. बाळास घेऊन आलेल्या आया तेथें उभ्या राहातात. त्यांच्या मांडीवरचें बाळ आणि चित्रांतील मांडीवरचें बाळ शेजारीं दिसतील. वर्षभरांत लोक त्यापुढें मेणबत्ती लावूं लागले, तर चित्र रुजलें असें समजावें. न लागले, तर दुसरें काढवावें.

मखराबाबत समितीपुढें आम्ही इतकेंच ठेवतों. आधीं छप्पर व भिंत पाहावी. पाणी गळत असेल तर पहिला पैसा कौलांवर जावा. प्रत्येक मूर्तीचें व प्रत्येक कोरीव फळीचें छायाचित्र घेऊन, मोजमाप लिहून, एक वही धर्मग्रामाच्या दप्तरीं ठेवावी. साफसफाईस पाणी, साबण व रॉकेल वर्ज्य. मऊ कोरडा कुंचला पुरे. वाळवीचा व सोन्याचा इलाज जाणत्यांकडून करवावा. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत जुन्या कलावस्तूंच्या जतनाचें केंद्र आहे, तेथें सल्ला विचारतां येईल. हें काम सणापूर्वीं पुरें होणार नाहीं, हें आम्ही जाणतों. यंदाचा सण काळवंडलेल्या मखरापुढेंच साजरा होईल, आपल्या आजोबा-पणजोबांच्या मेणबत्त्यांचीच ती काजळी आहे. तोंवर समितीनें आणून ठेविलेले रंगाचे डबे दुकानदार परत घेतो काय, याची उद्यांच चौकशी व्हावी.